डबका

गावाचं नाव डबका.
कुमुद बसमध्येच हसली होती :
एकतीस वर्षं समुद्र दाखवतो, दाखवतो म्हणालात
आणि आणताय कुठं, तर डबक्यात.

पादऱ्याहून केलेली रिक्षा
एका कारखान्याच्या कुंपणापाशी थांबली.
आगळ नहीं जाय, काका, बहु पवन छे.
खरंच बहु होता.
तारांत अडकलेल्या पिशव्या
सगळ्या एकाच दिशेला फडफडत होत्या,
कुणीतरी हजेरी घेत असल्यासारख्या.
चिमणीचा धूर उभा राहीना,
निघाल्या निघाल्या आडवा व्हायचा
आणि एरंडाच्या शेतांवरून सरपटत
बडोद्याकडे चालू लागायचा.
कुमुद म्हणाली, गॅलरीत चादरी राहिल्या.

रस्त्याला धरून नाला. सिमेंटचा, वर फरशा.
मी थांबलो.
ह्याला मी ओळखतो.
रोज सकाळी सव्वासातला
दोरी बांधलेली बाटली सोडून ह्याचं पाणी काढलं,
पट्टी बुडवली, रंग पाहिला, आकडा लिहिला,
खाली सही, द. य. शिर्के.
नऊ-दहा हजार सह्या होतील.
पुढे काय, असं एकदाच विचारलं होतं, नवीन असताना.
साहेबांनी पश्चिमेकडे हात उडवला : पुढे समुद्र.
तेव्हापासून समुद्र म्हणजे
वहीतला शेवटचा रकाना, शेऱ्याचा,
जो कुणी भरत नाही.

हिशोब करता की काय, कुमुदने विचारलं,
पदर कानामागे खोचला
आणि तोंडात गेलेली धूळ थुंकली.
तिला थुंकताना मी कधी पाहिलं नव्हतं.
छान लांब थुंकते.

घळीतून उतरलो, चपला हातात घेऊन.
मग वाळू.
वाळू, चिखल, परत वाळू, एक तुटका निळा पिंप, वाळू,
आणि मध्ये कुठंतरी नदी, ऐसपैस मांडी घालून बसलेली,
पलीकडचा काठ म्हणजे पेन्सिलीची पुसट रेघ.
कलिंगडाच्या वाडीत शनाभाई पढियार
झोपडीचं छप्पर दोरांनी आवळत होता.
बायको वर बसलेली, वजन म्हणून.
दरियो क्यां, मी ओरडून विचारलं.
तोंडातला दोर न काढता त्याने हनुवटी उडवली. हाच.
अरे, ही तर मही.
महिसागर, तो म्हणाला, दोर काढून, सावकाश,
शाळेत न गेलेल्या माणसाला सांगावं तसं.
मग म्हणाला, बसा. तो येतो.
दिवसातून दोनदा येतो.

आम्ही वाऱ्याकडे पाठ करून बसलो.
वाळू मानेत शिरत होती.
कुमुदने डबा उघडला, ढेबऱ्यांवर लगेच कण बसले,
ती कचकच चावत म्हणाली, मिठाऐवजी.

आधी आवाज आला,
लांबून कुणी ओलं गोणपाट ओढत आणावं तसा.
मग एक पांढरी दोरी, अख्ख्या पात्राएवढी,
वाऱ्याच्या पुढे धावत,
आणि तिच्यामागे सगळी नदी वळलेली.
उलटी चालली की हो, कुमुद म्हणाली,
आणि उभी राहिली, घरी कुणी मोठं माणूस आल्यावर
उभं राहतात तशी.
मी काही बोललो नाही.
एवढी वर्षं जे जे पुढे पाठवलं
ते परत यायचीही वाट आहे
हे कुठल्याच वहीत नव्हतं.

खिशात एक पट्टी होती. असतेच. सवय.
काढली,
आणि बोटांतून वाऱ्याने नेली,
एरंडाकडे, नाल्याकडे, कुठंही.
तोवर कुमुद वाकलेली,
पाण्यात बोट बुडवून,
आणि मी नको म्हणेपर्यंत तिने ते तोंडात घातलं.

खारट, ती म्हणाली.
जरा थांबून,
आणि आणखी काहीतरी.
काय?
ते तुमच्या खात्याचं.

छपरावरून शनाभाईची बायको ओरडत होती,
मागे व्हा, मागे व्हा.
ऐकू येत होतं आम्हाला.
पाणी घोट्यांपर्यंत आलं होतं
आणि कुमुदची एक चप्पल
बडोद्याच्या दिशेने निघाली होती.